मदत हवी आहे: विद्यापीठाचं बजेट, इंडिजिनस (मूळनिवासी) कार्यक्रमांचा प्राधान्यक्रम (अर्जंट!)

कोरी_पाटी
शुक्रवारपर्यंत दोन पानी निवेदन द्यायचंय. समितीने सात बाबी दिल्यात: भाषेचे वर्ग, एल्डर्सचं (समाजातल्या जाणत्या ज्येष्ठांचं) मानधन, विद्यार्थी केंद्र, नवे प्राध्यापक, अभ्यासक्रमात बदल, शिष्यवृत्त्या, इमारत. त्यातल्या तीन निवडून कारणं लिहायची. मला सगळ्याच महत्त्वाच्या वाटतात. कोणाकडे नमुना असेल तर टाका. गुगल केलंय, ते सुचवू नका.

हिशेबनीस
देश कुठला? तुम्ही विद्यार्थी की स्टाफ? पैसे एकदाच मिळणारे की दरवर्षीचे?

गडचिरोलीकर
आपल्याकडचं मॉडेल सुचवा. सुकठणकर समितीनंतर महाराष्ट्रात आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे साधारण ९ टक्के, निधी आधीच बाजूला काढायचं ठरलं. आधी बाजूला काढलं तरच हाती लागतं. गोंडवाना विद्यापीठाबद्दल (स्थापना २०११) हवं तर सविस्तर लिहितो.

कोरी_पाटी
कॅनडा, ऑंटारिओ. 'एल्डर्स' वाचून कळेल असं वाटलं होतं. पीएचडी करतेय, विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून समितीवर आहे. गोंडवाना नको, धन्यवाद.

उत्तरवारा
@गडचिरोलीकर, लोकसंख्येचं प्रमाण इथे अंगाशी येईल. २०२१ च्या जनगणनेत इंडिजिनस लोक देशात ५ टक्के, पण ऑंटारिओत २.९. कुलगुरू आनंदाने तेवढेच देऊन हात झटकतील.

गडचिरोलीकर
मग आकडा बदला. बाजूला काढणं का सोडताय?

मेटकूट
त्यांना शिक्षण फुकटच असतं ना? शिष्यवृत्त्या खोडा, एक बाब कमी झाली.

उत्तरवारा
नसतं हो फुकट. फेडरल योजनेचा पैसा स्टेटस (सरकारदरबारी नोंद) असलेल्या फर्स्ट नेशन्सच्या (तिथल्या मूळनिवासी जमातींच्या) मुलांना बहुतेक बँडमार्फत (त्यांच्या स्थानिक शासनामार्फत) मिळतो, आणि १९९६ पासून कित्येक वर्षं त्यातली वार्षिक वाढ २ टक्क्यांवर अडवून ठेवली होती. मुलं वाढली, फी वाढली, रांग लागली. मूळनिवासी मुलांच्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशनच्या २०१५ च्या ९४ शिफारशींतली अकरावी याच रांगेबद्दल आहे. मेटी (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजातल्या) मुलांना तर ती योजना लागूच नव्हती.

हिशेबनीस
मी दुसऱ्या एका विद्यापीठात वित्त विभागात आहे, म्हणून एवढंच सांगतो: महत्त्वाचं काय याच्या भानगडीत पडू नका, प्रत्येक बाब कुठल्या पैशावर चालते ते बघा. एल्डर्सचं मानधन आणि भाषाशिक्षक बहुतेक ठिकाणी देणगीवर नाहीतर एकरकमी अनुदानावर असतात. मुदत संपली की माणूस जातो, पुढच्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा. हे दोन्ही 'बेस बजेट'मध्ये (दरवर्षीच्या कायम तरतुदीत) घ्या अशी मागणी करा. नवीन पद मागितलंत तर ऑंटारिओत उत्तर तयार आहे, पैसे नाहीत: २०१९ मध्ये फी १० टक्के कापली, मग गोठवली, २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा. त्यामुळे 'आहे ते पद कायम करा' असंच लिहा.

दुसरं, पटसंख्येवर पैसे वाटायचं सूत्र असेल तर आठ मुलांचा भाषावर्ग दरवर्षी हरणार. त्याला सूत्रातून वगळायला सांगा. त्याच कमिशनची सोळावी शिफारस मूळनिवासी भाषांच्या पदवी-पदविकांबद्दल आहे आणि ती थेट विद्यापीठं-कॉलेजांना उद्देशून आहे, सरकारकडे बोट दाखवता येत नाही. इमारतीवर शब्द वाया घालवू नका, पाटीवर नाव लागणार असेल तर देणगीदार मिळतो.

उत्तरवारा
अर्धंच पटलं. पहिला क्रमांक प्राध्यापकांचा. विनिपेग आणि लेकहेड विद्यापीठांनी २०१६ मध्ये इंडिजिनस विषयाचा कोर्स सक्तीचा केला. सक्ती करायची तर शिकवणारे हवेत, नाहीतर त्याच दोघा-तिघांनी वर्गही घ्यायचे, समित्याही आणि मुलांची रडगाणीही. शिवाय विभाग मुख्य विद्यापीठात हवा. ऑंटारिओतल्या लॉरेन्शियन विद्यापीठाने २०२१ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितलं आणि एप्रिलमध्ये ६९ कार्यक्रम बंद केले. तिथला इंडिजिनस स्टडीज संलग्न संस्थेत होता, आणि विद्यापीठाने तो संलग्नतेचा करारच मोडला.

हिशेबनीस
ती कथा विभाग कुठे आहे याची नाही, कर्जाची आहे. मुख्य विद्यापीठातलेही कितीतरी विभाग गेले की.

काकू_मिसिसागा
परवान्यांच्या मर्यादेवरून आठवलं, माझ्या भाच्याला कॉलेजचं पत्र आलंय पण परवाना अडकलाय. कोणाला काही कल्पना?

मेटकूट
काकू, वेगळा धागा काढा. आणि कोरी_पाटी, तिकडच्या इंडिजिनस विद्यार्थ्यांना विचारलंत का? की तुम्हीच ठरवताय?

कोरी_पाटी
त्यांचा प्रतिनिधी आहे समितीत, मागच्या बैठकीला आला नव्हता. शुक्रवारपर्यंत सगळ्यांना कुठे गाठू? आणि नमुना खरंच कोणाकडे नाही?

उत्तरवारा
नमुना सोडा. त्या प्रतिनिधीला आज फोन करा, निवेदन दोघांच्या सहीने द्या. तुमच्या एकटीच्या तीन बाबींना समितीत कोण विचारतंय.

हिशेबनीस
हे मात्र बरोबर. आणि सातपैकी कुठल्या बाबी सध्या एकरकमी पैशावर आहेत ते सांगा, मग तीन निवडू.

कोरी_पाटी
ते दिलेल्या कागदांत नाहीये. उद्या वित्त कार्यालयाला विचारते. फोनचंही बघते.

काकू_मिसिसागा
वेगळा धागा कसा काढतात?