पॉडकास्ट सुरू करताना आलेले अनुभव

पॉडकास्ट काढायचा म्हटलं की गप्पा माइकपासून सुरू होतात आणि बहुतेक वेळा माइकवरच संपतात. रेकॉर्डिंग झाल्यावर ते टाकायचं कुठे आणि ऐकणार कोण, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ज्यांनी स्वतः पॉडकास्ट उभा केलाय त्यांनी इथे लिहा. यशोगाथा चालतीलच, पण कंटाळवाणे तपशील जास्त उपयोगी पडतील. बंद पडलेल्या पॉडकास्टवाल्यांचं विशेष स्वागत!

———

मी इतिहासातल्या गोष्टी सांगतो. नवीन येणारा जवळपास प्रत्येक जण मला विचारतो, "ॲपलवर फाइल कशी चढवायची?" चढवायची नसतेच. फाइल राहते होस्टिंगवाल्याकडे, म्हणजे ऑडिओ इंटरनेटवर साठवून देणाऱ्या सेवेकडे. तो तुमच्या पॉडकास्टचा आरएसएस फीड बनवतो, म्हणजे ॲप्सना वाचता येणारी एक यादी. त्यात नाव, वर्णन, कव्हर आणि प्रत्येक भागाच्या फाइलचा पत्ता असतो. ॲपल, स्पॉटिफाय वगैरे मंडळींकडे हा फीड एकदा नोंदवला की पुढे तेच अधूनमधून येऊन नवं काही आलंय का ते बघतात. २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले, तेव्हाही मामला फीडचाच होता. कव्हर मात्र त्यांच्या मापाचं लागतं: चौकोनी, कमीत कमी १४०० आणि जास्तीत जास्त ३००० पिक्सेलचं. त्यावरची अक्षरं फोनवर नखाएवढ्या चित्रात वाचता येतात का ते बघा. आमच्या पहिल्या कव्हरवर सुंदर किल्ला होता, नाव काही दिसत नव्हतं.

फीड म्हणजे काय ते खरं उमगलं होस्ट बदलताना. आमच्या होस्टने सेवा बंद करत असल्याचं कळवलं. जुने भाग नव्या ठिकाणी ओढून घेणं सोपं होतं, बटण दाबून झालं. धाकधूक होती ती आधीच फॉलो करत असलेल्या लोकांची, कारण त्यांची ॲप्स जुन्याच पत्त्यावर जात राहणार. त्यासाठी जुन्या होस्टने नव्या फीडकडे ३०१ रीडायरेक्ट लावून द्यावा लागतो, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर वळवायचं. तो किमान चार आठवडे ठेवा असं ॲपल सांगतं. आम्ही जुनं खातं जमेल तितकं लांबवलं. शिवाय प्रत्येक भागाला जीयूआयडी नावाची ओळख असते, ती जशीच्या तशी नव्या फीडमध्ये यायला हवी. नाहीतर ॲपला सगळे जुने भाग नवे वाटतात आणि श्रोत्याच्या यादीत पुन्हा येऊन पडतात. म्हणून होस्ट निवडताना जागा किती, आकडेवारी कशी, हे नंतर विचारा. आधी विचारा, "आम्ही निघालो तर रीडायरेक्ट देणार ना?"

अजून एक. मालकी पटवायचा कोड बऱ्याचदा फीडमधल्या ईमेलवर येतो, आणि तो ईमेल कुणालाही दिसतो. त्यासाठी वेगळा पत्ता काढा, स्पॅम तिकडे जाऊ दे.

———

आवाजाबद्दल थोडक्यात. साध्या खोलीत कंडेन्सर माइक पंखा, खुर्ची, शेजाऱ्याचं दार असं सगळं टिपतो. डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरला तर बरंच वाचतं. पाहुणा दुसरीकडे असेल तर कॉलचा आवाज वापरू नका. दोघांनी आपापल्याकडे रेकॉर्ड करायचं, सुरुवातीला एक टाळी वाजवायची आणि नंतर त्या टाळीवर दोन्ही फाइली जुळवायच्या. शेवटी आवाजाची सरासरी पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास आणि शिखर, म्हणजे सगळ्यात मोठा क्षण, उणे १ डेसिबलच्या खाली. ॲपलची शिफारस तीच आहे. स्पॉटिफाय उणे १४ धरतं, मी दोन वेगळ्या फाइली करत बसत नाही. हे सगळं ऑडॅसिटी या मोफतच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये होतं.

———

मुलाखती घेते. मुख्य पॉडकास्टच्या आधी एक छोटा ट्रेलर टाकावा हे माझं ठाम मत. ॲपलला नोंदणीसाठी फीडमध्ये निदान एक भाग लागतो, तो ट्रेलर असला तरी चालतो. मंजुरी कधी येईल ते आपल्या हातात नसतं, म्हणून ती ट्रेलरवर उरकून घ्यायची. मग पहिल्या भागाच्या दिवशी सगळीकडच्या लिंक तयार असतात.

प्रसिद्धीचं म्हणाल तर मी आधी सोशल मीडियासाठी व्हिडिओचे तुकडे कापत बसले. लाइक आले, श्रोते जवळजवळ नाहीच. त्यात नवल नाही, कारण बोटाने पोस्टी सरकवणारा माणूस त्या क्षणी अर्धा तास ऐकायला बसलेला नसतो. फरक पडला तो मी दुसऱ्यांच्या पॉडकास्टवर पाहुणी म्हणून गेल्यावर. तिथल्या माणसाच्या कानात इअरफोन आधीच असतो, ॲप उघडंच असतं, आमचं नाव शोधायला त्याला काही वेगळं करावं लागत नाही. आता आम्ही काही जण एकमेकांचे ट्रेलर आपापल्या भागात लावतो. त्यात पैशांची देवाणघेवाण नाही.

आणि पाहुणे आपला भाग आपणहून शेअर करतील या भरवशावर राहू नका! त्यांना लिंक, एक छोटी क्लिप आणि दोन ओळी आयत्या पाठवा. तरीही काही जण करत नाहीत. असो.

———

आकड्यांवर जीव टांगणाऱ्यांसाठी: डाउनलोड म्हणजे ऐकणं नव्हे. आयएबी या ऑनलाइन जाहिरात क्षेत्रातल्या संस्थेच्या निकषांप्रमाणे किमान एक मिनिटाचा ऑडिओ गेला की तो डाउनलोड धरतात, पुढे कुणी ऐकलं की नाही हा प्रश्नच नाही. २०२३ मध्ये आयफोनची नवी प्रणाली, आयओएस १७, आली. न ऐकता साठणारे भाग आपोआप उतरवणं ॲपलने कमी केलं आणि अनेकांचे आलेख घसरले, माझाही. पत्रं येणं मात्र कमी झालं नाही.

मी ॲपल आणि स्पॉटिफायच्या डॅशबोर्डवर लोक कुठे सोडून जातात ते बघतो. माझ्याकडे गळती सुरुवातीलाच होती: संगीत, स्वागत, मागच्या भागात काय झालं, आभार. ते सगळं उडवलं आणि थेट विषयाला हात घातला. संगीत गेल्याचं फक्त ज्याने ते बनवलं त्याच्या लक्षात आलं.

———

विशेष स्वागत केलंत म्हणून लिहिते. आमचा बंद पडला. भांडण नाही, कंटाळा नाही, विषय संपला. एडिटिंग रेकॉर्डिंगच्या कितीतरी पट वेळ खातं आणि दर आठवड्याचा शब्द दिला की ते अंगावर येतं. पुन्हा काढला तर ठरावीक भागांचा सीझनच करीन. होस्टिंगचं शुल्क थांबवलं की बहुतेक ठिकाणी फीडही जातो, म्हणून सगळे भाग इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर ठेवलेत. अजूनही कुणीतरी तिथून ऐकून लिहितं.

———

यूट्यूबचं काय करायचं? गूगलचं पॉडकास्ट ऐकायचं ॲप, गूगल पॉडकास्ट, तर २०२४ मध्ये बंद झालं.

———

वरच्या प्रश्नाला: यूट्यूबला तुमचा फीड देता येतो. ते कव्हरचं स्थिर चित्र लावून प्रत्येक भागाचा व्हिडिओ बनवतं. दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. तिथे ऐकलेलं तुमच्या होस्टच्या डाउनलोडमध्ये मोजलं जात नाही. आणि होस्टवर ऑडिओ दुरुस्त करून बदललात तरी यूट्यूबवरचा आपोआप बदलत नाही, तो भाग तिथे पुन्हा चढवावा लागतो. नाव चुकीचं उच्चारलं गेलं असेल तर फीड जोडायच्या आधीच पकडा.