सुई टोचली, तर ड्यूटी संपण्याची वाट पाहू नका (जळगाव, सोसायटी ग्रुप)

ए-204: नमस्कार. काल रात्री भुसावळ स्थानकावर एका संशयिताच्या बॅगेत हात घालून झडती घेताना आमच्या ह्यांच्या बोटात इंजेक्शनची सुई घुसली. हातमोजा होता, तरी रक्त आले. पंचनामा पूर्ण करूनच ते पहाटे घरी आले आणि आता झोपले आहेत. काही करायला हवे का?

बी-101 (निवृत्त परिचारिका): ताई, त्यांना आत्ताच उठवा आणि सिव्हिलला न्या. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते आणि ते 28 दिवस घ्यायचे असते. घाबरू मात्र नका. सुईवर एचआयव्हीबाधित रक्त असले, तरी लागण होण्याची शक्यता सुमारे 0.3 टक्के असते. मला खरी काळजी हिपॅटायटिस बीची (यकृताच्या संसर्गाची) वाटते, कारण लस न घेतलेल्याला तो कितीतरी सहज होतो आणि त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. भाऊंनी लस घेतली आहे का?

ए-204: नाही. बोट पिळून रक्त काढले आणि स्पिरिट लावले, असे ते म्हणाले.

बी-101: बोट पिळायचे नसते, साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचे, एवढेच. डॉक्टरांना टोचल्याची नेमकी वेळ आणि लस घेतली नसल्याचे सांगा, कारण अशा वेळी लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागू शकते आणि ते 24 तासांच्या आत दिलेले बरे. स्टेशन डायरीत नोंदही करून घ्या.

सी-302 (निवृत्त सहायक फौजदार): परिचारिकाताईंचे म्हणणे अगदी रास्त आहे. हातमोजा रक्तापासून वाचवतो, सुईपासून नाही, म्हणून संशयिताच्या खिशात हात घालण्याआधी "सुई, ब्लेड काही आहे का?" असे स्पष्ट विचारावे, खिसे त्यालाच उलटे करायला लावावेत आणि बॅग सपाट जागेवर उपडी करावी. जप्त केलेली सुई पिशवीत न ठेवता जाड डब्यात ठेवावी, नाहीतर ती मुद्देमाल कारकुनाला टोचते.

ए-307: माझा मुलगा आरोपींना कोर्टात ने-आण करतो. त्याला टीबीची भीती वाटते.

बी-101: खोकणाऱ्या आरोपीला मास्क द्यावा, गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि आपल्या जवानाने एन-95 लावावा. त्याला दोन आठवडे खोकला राहिला, तर थुंकी तपासून घ्यावी.

ए-204: आम्ही सिव्हिलला पोहोचलो. रक्त घेतले, औषधही सुरू झाले, लसीचा पहिला डोस आत्ता देत आहेत.

बी-101: उत्तम. दुसरा डोस एका महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. तारखा केसपेपरवर लिहून घ्या.