मदत हवी आहे: प्रोसेसरवर वाचवून ग्राफिक्स कार्ड मोठं घ्यावं का?

गेमिंगसाठी नवीन पीसी जुळवतोय. बजेट अगदी ताणून ठरवलंय, एका भागावर वाढवलं की दुसऱ्यावर कमी करावंच लागतं. मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्झचा आहे आणि तोच राहणार. कीबोर्ड, माऊस, कॅबिनेट, एसएसडी हातात आहेत. स्ट्रीमिंग, व्हिडिओ एडिटिंग काही नाही, फक्त गेम्स; त्यातही ओपन वर्ल्ड जास्त.

बी५५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम आणि ५५० वॅटचा ब्रॉन्झ पॉवर सप्लाय हे पक्कं केलंय. पॉवर सप्लायवर काटकसर करणार नाही, तो सल्ला कृपया नको. सेकंडहँड कार्डही नको, वॉरंटी हवीच. एएम५ चा (एएमडीच्या नव्या प्रोसेसर सॉकेटचा) हिशोब करून पाहिला, पण बोर्ड आणि डीडीआर५ मध्येच इतके पैसे जातात की कार्डासाठी फारसं उरत नाही.

आता अडलंय ते इथे. रायझन ५ ५६०० प्रोसेसरसोबत आरएक्स ६६०० कार्ड बजेटमध्ये बसतं. रायझन ५ ५५०० घेतला तर आरएक्स ६६५० एक्सटी हे मोठं कार्ड बसतं. दोन्ही प्रोसेसर सहा कोअरचेच, पण ५५०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे, शिवाय तो पीसीआयई ३.० वरच चालतो, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधल्या जोडणीच्या जुन्या, ४.० पेक्षा निम्म्या वेगाच्या आवृत्तीवर. ही दोन्ही कार्डं त्या जोडणीच्या सोळाऐवजी आठच लेन वापरतात, त्यामुळे बँडविड्थ निम्मी होणार, ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरली की ते जाणवेल अशी मला धास्ती आहे. बेंचमार्क भरपूर पाहिले, पण जवळपास सगळ्यांत वरच्या दर्जाचा प्रोसेसर लावलेला असतो.

५५०० सोबत असं कार्ड कोणी प्रत्यक्ष वापरलंय का? ७५ एफपीएसवर (सेकंदाला ७५ फ्रेम) लॉक करून खेळताना अडखळतं का, की मोठ्या कार्डाचा फायदा खरंच पदरात पडतो?