माचू पिक्चूला दोघंच जातोय, उंची सोसेल का?

फोंडेकरीण: पुढच्या जूनमध्ये पेरूला जायचं ठरतंय. नवरा ५४, मी ५१. चोर्ला घाट हीच आमची उंची! विमानाने उतरायचं ते कुस्को शहर म्हणे ३,४०० मीटरवर. जमेल का?

सांखळीची वहिनी: आम्ही दोघं २०१९च्या जूनमध्ये गेलो होतो. इथे धो धो पाऊस, तिथे कोरडी थंडी. ओठांना खोबरेल लावून फिरत होते. थेट कुस्कोत राहिलो ही चूक. आमचे हे हॉटेलचा एक जिना चढले नि पायरीवरच बसले. रात्रभर डोकं ठणकत होतं. कोकाच्या पानांचा चहा मिळतो, चव म्हणाल तर गवती काढा. तुम्ही उतरल्याबरोबर टॅक्सीने ओलांतायतांबो गावाला जा. ते २,८०० मीटरच्या आसपास, माचू पिक्चू आणखी खाली, २,४३०वर. पुढची रेल्वेही ओलांतायतांबोहूनच.

तिथल्या देवळाचे सहा अजस्र दगड बघाच. आमच्या घरचा जांभा मातीने सांधलेला, दर पावसाळ्यात कुठेतरी ओल. कुस्कोत जुन्या इंका लोकांनी बांधलेल्या भिंतीत चुना नाही, माती नाही, नि फटीत नखसुद्धा जाईना! हे अर्धा तास तिथेच.

पर्वरीकर: तिकिटावर वेळ आणि वाट ठरलेली असते, नीट बघून घ्या. माचू पिक्चूच्या मागचं उंच शिखर, हुआयना पिक्चू, चढायचं तर तिकीट वेगळं. पासपोर्ट विसरू नका.

फोंडेकरीण: वहिनी, ह्यांना बीपीची गोळी आहे.

सांखळीची वहिनी: मग आधी डॉक्टरांना विचारा हो. आणि हुआयना पिक्चू सोडा, त्या पायऱ्या उतरताना मी अक्षरशः बसून उतरले.