फेंटानिलचा पॅच: पहिल्यापासून की मॉर्फिननंतर?

गोळीवाला: कॅन्सरच्या वेदनांवर थेट फेंटानिलच्या, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीच्या तीव्र वेदनाशामकाच्या, कातडीवर चिकटवायच्या पॅचने सुरुवात करण्याची घाई मला पटत नाही. लावल्यावर पुरता परिणाम यायला १२ ते २४ तास लागतात. काढला तरी कातडीत मुरलेलं औषध झिरपत राहतं, रक्तातली पातळी निम्मी व्हायला १७ तास किंवा जास्त. डोस जड झाला तर नॅलोक्झोन हा उतारा तासाभरात ओसरतो, फेंटानिल मात्र मागे उरतं. आधी दर ४ तासांनी मॉर्फिन देऊन रोजची गरज काढा. ती ६० मिग्रॅच्या आसपास स्थिरावली की मग ताशी २५ मायक्रोग्रॅमचा पॅच.

वेदनाशमन: कागदावर छान. पण आपल्याकडे तंबाखूने झालेले तोंडाचे कॅन्सर किती! जबडा उघडत नाही, तो गोळी कशी गिळणार? शिवाय किडनी मंदावली की मॉर्फिनचे घटक साचतात, पेशंट गुंगीत जातो, अंग झटके देतं. फेंटानिलमध्ये हा त्रास कमी, बद्धकोष्ठताही कमी.

गोळीवाला: किडनीचं मान्य. गिळण्याचं नाही. नाकातल्या नळीतून मॉर्फिनचं द्रावण जातं की! आणि हाडांचा सापळा झालेल्या पेशंटमध्ये पॅचमधून औषध कमी शोषलं जातं, हे कोण बघतं?

वॉर्डातली: तुम्ही दोघं डोसवर भांडता, घोटाळा चिकटवताना होतो. जागा नुसत्या पाण्याने धुवायची, साबण-तेल नको. पूर्ण कोरडी करायची. केस कात्रीने कापायचे, वस्तरा नाही, कारण खरचटलेल्या कातडीतून औषध जास्त जातं. तळहाताने ३० सेकंद दाबायचं, वर तारीख-वेळ लिहायची. ७२ तासांनी जुना काढून नवा दुसऱ्या जागी. जुना तसाच राहिला तर दुप्पट डोस! पॅचवर गरम पाण्याची पिशवी कधीही नाही.

वेदनाशमन: तापाचंही लिहा. ४० अंशांना पातळी सुमारे एक तृतीयांश वाढू शकते. पहिला पॅच लावल्यावर १२ तास आधीचं वेदनाशामक चालू ठेवायचं, मध्येच उठणाऱ्या कळेसाठी झटपट मॉर्फिन हाताशी.

गोळीवाला: म्हणजे मॉर्फिन लागतंच ना!

वॉर्डातली: २५च्या एका पॅचमध्ये ४.२ मिग्रॅ औषध असतं, तीन दिवसांत जातं जेमतेम १.८. उरलेलं लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. चिकट बाजू आत दुमडून लगेच मुलांच्या हाताबाहेर.