बीच वृक्षाच्या सावलीविषयी

बीच या युरोपातील पानझडी वृक्षाखाली दुसरे काही उगवत नाही, असे म्हटले जाते, आणि याचे कारण त्याची पाने विषारी असावीत, असा तर्क मांडला जातो; माझ्या मते मुख्य कारण सावली हेच आहे. युरोपीय बीचचा पर्णसंभार इतका दाट असतो की भर उन्हाळ्यातही जमिनीपर्यंत फार थोडा प्रकाश पोहोचतो. ओकची रोपे तिथे तग धरत नाहीत, पण बीचचे स्वतःचे रोप त्याच अंधारात वर्षानुवर्षे थांबून राहते आणि एखादा जुना वृक्ष कोसळून वर आभाळ मोकळे झाले की झपाट्याने वाढू लागते.

शिवाय ‘काहीच उगवत नाही’ हेही पूर्ण खरे नाही. २०११ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळालेल्या जर्मनीतील हाइनिशच्या जंगलात, पालवी दाटण्याआधीच्या मोजक्या आठवड्यांत, ॲनिमोनी नावाची पांढरी रानफुले उमलतात. त्याच सुमारास फुटणारे बीचचे कोवळे पान उजेडात धरले, तर कडेला रेशमी लव स्पष्ट दिसते.

गंमत म्हणजे, इतरांना सावलीत ठेवणाऱ्या या झाडाची साल पातळ आणि गुळगुळीत असल्यामुळे, शेजारची झाडे तोडून खोडावर थेट ऊन पडू दिले की ती भाजून तडकते.