मदत हवी आहे: किडनी पण साखर तयार करते का?

बाबांना बरीच वर्षं डायबेटीस आहे, इन्सुलिन चालू आहे. आता क्रिएटिनिन (किडनी किती चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) वाढलंय आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, घाबरलो होतो आम्ही) शुगर वाढायच्या ऐवजी पहाटे एकदम खाली यायला लागली, एकदा तर ५८ आली. डॉक्टरांनी लगेच डोस कमी केला, म्हणाले किडनी कमजोर झाली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं आणि किडनी स्वतः जी साखर बनवते तीपण कमी होते.

हे दुसरं मला नवीनच होतं. मला वाटायचं साखर फक्त लिव्हर बनवतं. वाचलं तर कळलं की उपाशीपोटी किडनीसुद्धा लॅक्टेट, ग्लुटामिन वगैरे रक्तातल्या पदार्थांपासून ग्लुकोज तयार करते, शिवाय रोज गाळलं जाणारं साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज जवळजवळ सगळं परत रक्तात घेते.

मग प्रश्न असा की पहाटे शुगर पडण्यामागे यातलं मोठं कारण कुठलं? आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात म्हणे, पण किडनीच कमी चालत असेल तर त्यांचा शुगरवर उपयोग होतो का? डोस आम्ही डॉक्टरांना विचारूनच बदलतो, फक्त समजून घ्यायचंय. कुणाच्या घरी असं झालंय का?